एका रात्रीचे दोन दाखले

दुसऱ्या महायुद्धाविषयी बोलायचे म्हटले की चर्चिल, हिटलर, स्टॅलिन ही मोठी नावे आपोआप पुढे येतात, आणि बोलणाराही मग त्याच रुळलेल्या वाटेने जातो. मला सांगायचे आहे ते निकोलस अल्केमेड नावाच्या एका इंग्रज सार्जंटाविषयी, आणि त्याच्या निमित्ताने, बाँबफेक्या विमानांतून रात्रीच्या वेळी जर्मनीवर जाणाऱ्या व तेथे शत्रूच्या हाती सापडणाऱ्या माणसांविषयी. हा अल्केमेड युद्धापूर्वी भाजीपाल्याच्या मळ्यात काम करी. १९४४ च्या मार्चमध्ये तो एकवीस वर्षांचा होता. जर्मनांनी त्याला पकडले तेव्हा पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारला: तुझी हवाई छत्री कोठे आहे? प्रश्न साधा होता. उत्तर मात्र असे होते की ते देणारा एक तर हेर असला पाहिजे किंवा वेडा, असे कोणालाही वाटावे.

ते उत्तर समजण्यासाठी आधी त्याचे काम समजून घेतले पाहिजे.

इंग्रजांच्या लँकेस्टर विमानात सात माणसे असत. चालक, त्याच्याजवळ यंत्रज्ञ, पुढे नाकाशी पोटावर पडून नेम धरणारा बाँबफेक्या, मागे टेबलापाशी नकाशे घेऊन बसलेला मार्गदर्शक, त्याच्या पलीकडे बिनतारी संदेश घेणारा, पाठीवरच्या बुरुजात एक तोफची आणि अगदी शेपटीच्या टोकाला दुसरा. अल्केमेड हा शेपटीतला तोफची. आपल्याकडे किल्ल्याच्या बुरुजाला जसे तोंड असते तसा हा काचेचा फिरता बुरूज. त्यात चार मशीनगना आणि त्यांच्या मध्ये एक माणूस. बाकीचे सहाजण निदान एकमेकांच्या जवळपास असत. हा एकटा. विमान जिकडे चालले आहे तिकडे याची पाठ. जे मागे राहिले तेवढेच याला दिसायचे. चार मैल उंचीवर बर्फाहूनही कितीतरी अधिक थंडी. म्हणून विजेवर तापणारा अंगरखा आणि तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. अशा स्थितीत सात-आठ तास अंधाराकडे टक लावून बसणे हे त्याचे काम. शत्रूचे विमान मागून किंवा खालून आलेच, तर ते प्रथम याला दिसावे आणि याने ओरडून चालकाला विमान वळवायला सांगावे. बहुतेक वेळा तोफचीचा खरा उपयोग बंदुकीपेक्षा डोळ्यांचा होता.

या बुरुजात जागा एवढी अपुरी की माणूस आणि त्याची हवाई छत्री दोन्ही आत मावत नसत. छत्रीचे पट्टे अंगावर बांधलेले असत. छत्रीचे गाठोडे मात्र बुरुजाच्या दाराबाहेर विमानाच्या पोटात अडकवलेले. उडी मारायची वेळ आली तर बुरूज सरळ करायचा, पाठीमागची दारे उघडायची, हात घालून गाठोडे घ्यायचे, छातीवर अडकवायचे आणि मग उडी. हे सर्व बहुधा जळत्या आणि गरगरणाऱ्या विमानात.

हे कितपत साधे याचा हिशेब त्या काळीच एका तरुण गणितज्ञाने केला होता. पुढे थोर पदार्थविज्ञानवेत्ता म्हणून प्रसिद्धीस आलेला फ्रीमन डायसन तेव्हा बाँबफेक्या दलाच्या संशोधन विभागात आकडेमोड करीत असे. त्याला आढळले की हॅलिफॅक्स हे जुने, हळू विमान पाडले गेले तर त्यातील शंभरांपैकी सुमारे पंचवीस माणसे जिवंत खाली येतात. लँकेस्टरमधून मात्र पंधराच. वस्तुतः लँकेस्टर हे अधिक चांगले विमान. मग फरक कशाचा? सुटकेच्या दाराचा. लँकेस्टरचे दार हॅलिफॅक्सच्या दारापेक्षा दोन इंचांनी अरुंद होते. जाड कपडे आणि छातीवर गाठोडे बांधलेला माणूस त्यातून बाहेर पडू शकत नसे. दोन इंचांपायी किती घरे बसली याचा विचार मनात येतो तेव्हा युद्धकथांतील शौर्याच्या वर्णनांवरून नजर आपोआप दुसरीकडे वळते.

या दलातील सगळे विमानवीर आपखुशीने आलेले होते. सुमारे १,२५,००० जण यात उडाले. त्यांपैकी ५५,५७३ मेले. म्हणजे शंभरांत चव्वेचाळीस. ९,८३८ जण शत्रूच्या कैदेत गेले. तीस मोहिमा पुऱ्या केल्या म्हणजे विश्रांती, असा नियम होता, आणि त्या तीस पुऱ्या होतील अशी आशा फारशी कोणी धरीत नसे. हेही त्याबरोबरच सांगितले पाहिजे की, ज्या शहरांवर हे बाँब पडत तेथे लाखो माणसे मेली, आणि त्यांत बायका व मुले पुष्कळ होती. हॅम्बुर्गमध्ये १९४३ च्या जुलैत आगीचे वादळ उठले आणि तळघरांत लपलेली कुटुंबेच्या कुटुंबे संपली. विमानातला मनुष्य शूर होता आणि त्याचे काम भयंकर होते. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. एक सांगताना दुसरी दडवली तर ती अर्धी गोष्ट होईल.

आता २४ मार्च १९४४ ची रात्र. त्या हिवाळ्यात बर्लिनवर जी मोठ्या हल्ल्यांची मालिका चालली होती तिच्यातला हा शेवटचा हल्ला. ८११ विमाने निघाली. उत्तरेकडून जोराचा वारा वाहत होता. ताशी शंभर मैलांहूनही अधिक. हा वारा मोजण्यासाठी काही विमाने खास नेमलेली असत. त्यांनी मोजलेला वेग बिनतारीने इंग्लंडला कळवायचा, आणि तेथून सरासरी काढून सर्वांना पाठवायची, अशी व्यवस्था होती. पण आकडा इतका मोठा निघाला की मोजणाऱ्या मार्गदर्शकांचाच त्यावर विश्वास बसेना. आपलीच काही चूक झाली असेल म्हणून त्यांनी तो थोडा कमी करून कळवला. खालच्या अधिकाऱ्यांना तोही जास्त वाटला. त्यांनी आणखी कमी केला. वारा अर्थात कोणाच्या विश्वासावर अवलंबून नव्हता. विमाने दक्षिणेकडे भरकटली, आणि परतताना कितीतरी विमाने ज्या रूर खोऱ्यातील विमानवेधी तोफा टाळायच्या होत्या त्यांच्याच माथ्यावर येऊन पोचली. ७२ विमाने परत आली नाहीत. या रात्रीला इंग्रज वैमानिक पुढे ‘सोसाट्याच्या वाऱ्याची रात्र’ असे म्हणू लागले.

अल्केमेडचे विमान बर्लिनवर बाँब टाकून परत चालले होते. श्मालेनबेर्ग गावाच्या पूर्वेस एका जर्मन रात्रलढाऊ विमानाने त्याला गाठले. विमान पेटले. चालकाने उडी मारण्याचा हुकूम दिला. अल्केमेडने मागची दारे उघडली, तो आत आगीचा लोळ. आणि त्या लोळात त्याची हवाई छत्री जळत होती. मुखवट्याचे रबर तोंडावर वितळू लागले. जळून मरावे की पडून, एवढीच निवड उरली होती. त्याने बुरूज फिरवला आणि पाठमोरी उडी घेतली. उंची होती १८,००० फूट. कळसूबाईसारखी तीन शिखरे एकावर एक ठेवली तरी ती उंची भरणार नाही.

आपले तारे दिसत होते, ते पायांकडे होते आणि मनाला विलक्षण शांत वाटत होते, असे त्याने पुढे सांगितले. मग शुद्ध हरपली. जागा झाला तेव्हा तो बर्फात उताणा पडला होता आणि वर फरच्या फांद्यांतून तेच तारे दिसत होते. त्याने आधी पायाची बोटे हलवून पाहिली, मग हात. मोडलेले काही नव्हते. एक पाय मुरगळला होता. त्याने सिगारेट पेटवली.

याला दैव म्हणावे, चमत्कार म्हणावे, की आणखी काही? ज्याला जे म्हणायचे ते त्याने म्हणावे. कारणे मात्र समजून घेण्यासारखी आहेत. आपली कल्पना अशी असते की जितक्या अधिक उंचीवरून पडावे तितका वेग वाढत जातो. एका मर्यादेपर्यंत ते खरे आहे. पण वेगाबरोबर हवेचा विरोधही वाढतो, आणि दहा-पंधरा सेकंदांत अशी वेळ येते की वजन आणि हवेचा विरोध सारखे होतात. त्यानंतर मनुष्य ताशी सुमारे १२० मैलांच्या वेगाने खाली येतो. मग तो दोन हजार फुटांवरून पडलेला असो की अठरा हजार. फरक पडतो तो उंचीने नव्हे, थांबण्याने. हा वेग दगडावर काही इंचांत संपला तर देहाचा चुराडा होतो. तोच फांद्या मोडत, बर्फात रुतत काही फुटांमध्ये संपला, तर धक्का कितीतरी पटींनी विभागला जातो. अल्केमेड प्रथम झाडांच्या वाकणाऱ्या, लवचिक फांद्यांतून आला आणि मग त्या झाडांच्या सावलीमुळे न वितळलेल्या बर्फात पडला. ही सगळी व्यवस्था एका रेषेत सापडणे याला मात्र विज्ञानाकडे उत्तर नाही.

मुरगळलेल्या पायाने त्याला चालता येईना. जवळची शिटी वाजवून त्यानेच लोकांना बोलावले. शत्रूच्या मुलखात स्वतःच शिटी वाजवून स्वतःला पकडवून द्यावे लागणे यातली विचित्रता त्यालाही जाणवली असेल. आणि यात धोका लहान नव्हता. बाँबने ज्याचे घर पडले आहे त्याच्या अंगणात तो बाँब टाकणारा उतरला तर काय होईल? जर्मन वर्तमानपत्रे या वैमानिकांना ‘दहशतवादी उडणारे’ म्हणत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात गोबेल्सने उघड लिहिले की संतापलेल्या जनतेपासून अशांचे संरक्षण करणे हे पोलिसांचे काम नव्हे. ऑगस्टमध्ये रुसेल्सहाइम गावी पकडलेल्या अमेरिकन विमानवीरांना जमावाने रस्त्यात ठेचले. त्यांतले सहा मेले. त्यामुळे कित्येक वैमानिकांना आपल्यावर बंदूक रोखून जमावातून बाजूला ओढून नेणारा जर्मन शिपाईच देवासारखा वाटला. अल्केमेडला गावकऱ्यांनी मारले नाही. पुढे चौकशी सुरू झाली.

पकडलेल्या वैमानिकांची चौकशी करण्याचे मुख्य ठिकाण फ्रँकफुर्टजवळ ओबरउर्सेल येथे होते. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार कैद्याला आपले नाव आणि हुद्दा, अथवा क्रमांक, एवढेच सांगणे बंधनकारक होते. अर्थात प्रश्न तेवढ्यावर थांबत नसत. एकान्त कोठडीत आठवडा-आठवडा ठेवायचे, रेडक्रॉसचा म्हणून एक खोटा फॉर्म भरायला द्यायचा आणि त्यात विमानाची, तळाची, सोबत्यांची माहिती विचारायची, असे प्रकार चालत. तेथील सर्वांत यशस्वी चौकशीकार हान्स शार्फ मात्र कैद्याला कधी शिवीही देत नसे. तो त्याच्याबरोबर फिरायला जाई, हवापाण्याच्या गप्पा मारी आणि त्या गप्पांतून हवे ते काढून घेई. हा शार्फ युद्धानंतर अमेरिकेत जाऊन रंगीत तुकड्यांची भित्तिचित्रे करू लागला. असो.

अल्केमेडच्या बाबतीत अडचण निराळी होती. तो सांगत होता ते गुप्त नव्हते, अशक्य होते. गेस्टापोला वाटले, याने छत्री कोठेतरी पुरली आहे आणि हा हेर आहे. हेर ठरला तर कराराचे संरक्षण संपले, आणि पुढचा रस्ता सरळ भिंतीकडे जातो. तेव्हा त्या भाजीमळ्यातल्या पोराने फार शहाणपणाची गोष्ट केली. त्याने आपल्या शब्दावर विश्वास ठेवा असे म्हटले नाही; वस्तू तपासा असे म्हटले. माझ्या अंगावरचे पट्टे पाहा. छत्री उघडताना जे दोरे तुटले पाहिजेत ते यात अजून शाबूत आहेत. विमानाचे अवशेष शोधा. छत्री शेपटीजवळ सापडेल. जर्मनांनी शोधले. जळालेल्या सांगाड्यात छत्री ओढण्याची मूठ आणि तिची तार त्याने सांगितल्या जागी सापडली. पट्ट्यांतील दोरे तसेच होते. तेव्हा त्यांनी मान्य केले, आणि हा मनुष्य १८,००० फुटांवरून छत्रीशिवाय पडून जिवंत राहिला आहे असा लेखी दाखला त्याला मिळाला.

मला या कथेत फांद्या आणि बर्फ यांपेक्षा हा दाखला अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण ज्या राज्यात हा कागद लिहिला गेला त्याच राज्यात, त्याच सुमारास, दुसरा एक कागद लिहिला गेला, आणि त्याचीही सुरुवात त्याच २४ मार्चच्या रात्री झाली होती.

बर्लिनच्या आग्नेयेस झागान येथे पकडलेल्या वैमानिक अधिकाऱ्यांची मोठी छावणी होती. ही जागा मुद्दाम निवडलेली: वरची माती करडी, खालची वाळू पिवळीधमक, म्हणजे कोणी भुयार खणले तर रंगावरूनच कळावे. तरीही तेथील कैद्यांनी एकाच वेळी तीन भुयारे खणायला घेतली. त्यांचा पुढारी रॉजर बुशेल हा धंद्याने बॅरिस्टर. त्यांपैकी ‘हॅरी’ या नावाचे भुयार सुमारे तीस फूट खोल आणि तीनशेहून अधिक फूट लांब झाले. छत सावरायला पलंगांच्या फळ्या, हवा खेळवायला दुधाच्या भुकटीचे रिकामे डबे जोडून केलेली नळी, आणि पिवळी वाळू बाहेर न्यायला विजारीच्या आत लोंबणाऱ्या लांब पिशव्या. पिशव्या भरलेला मनुष्य पेंग्विन पक्ष्यासारखा डुलत चाले, म्हणून त्यांना ते नावच पडले. दोर ओढला की वाळू पायाशी सांडायची आणि बागेतल्या मातीत पायाने मिसळून टाकायची.

२४ मार्चच्या रात्री भुयाराचे तोंड फोडले तेव्हा समजले की ते झाडीपर्यंत पोचलेलेच नाही. पहारेकऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात उघड्यावर निघाले आहे. तरीही एकेक करून ७६ जण बाहेर पडले. मध्येच दिवे गेले, कारण बर्लिनवर विमाने आली होती. म्हणजे ज्या हल्ल्यात अल्केमेड होता त्याच हल्ल्याचा हा काळोख. त्या काळोखाने भुयारातील विजेचे दिवेही विझले आणि बाहेरचे शोधदिवेही. काम रखडले आणि आडोसाही मिळाला.

७६ पैकी तिघे सुटले: दोन नॉर्वेचे, एक हॉलंडचा. ७३ पुन्हा पकडले गेले. पळून जाण्याचा प्रयत्न करणे हा युद्धकैद्याचा गुन्हा फार तर शिस्तभंगाचा, त्याला काही दिवसांची कोठडी, असे जिनिव्हाचा करार स्पष्ट सांगतो. हिटलरने सर्वांना ठार करा म्हणून सांगितले. त्याच्या आसपासच्यांनी रदबदली केली, ती माणुसकीपेक्षा आपले वैमानिक इंग्रजांच्या हाती आहेत या भीतीने. आणि आकडा पन्नासावर आला. बर्लिनमध्ये पोलीसप्रमुख नेबेने कैद्यांची कार्डे समोर घेऊन दोन ढीग केले. एका ढिगातले मरायचे, दुसऱ्यातले जगायचे. मग दोघादोघांना, चौघाचौघांना मोटारीतून नेऊन रस्त्याच्या कडेला उतरवले आणि पाठीमागून गोळ्या घातल्या. बुशेल त्यांत होता.

एप्रिलच्या सुरुवातीस छावणीच्या नव्या अधिकाऱ्याने कैद्यांतील सर्वांत वरिष्ठ इंग्रज अधिकारी ग्रुप कॅप्टन मॅसी यांना बोलावून लेखी मजकूर वाचून दाखवला: अटकेला विरोध करताना अथवा पुन्हा पळताना एक्केचाळीस जणांवर गोळ्या झाडण्यात आल्या. मॅसी यांनी एकच विचारले: जखमी किती? उत्तर आले, कोणी नाही. एक्केचाळीस पळणाऱ्या माणसांवर गोळ्या झाडल्या आणि एकही नुसता जखमी झाला नाही! त्या कागदाचा खोटेपणा त्या एका उत्तराने उघडा पडला. एक्केचाळीसाचे पुढे पन्नास झाले. त्यांच्या रक्षेचे कलश छावणीत परत पाठवण्यात आले, आणि कोणता कलश कोणत्या गावाहून आला हे त्यांवर कोरलेले होते. खुनाचा तपास करणाऱ्यांना युद्धानंतर त्या कोरीव अक्षरांचाच पहिला धागा मिळाला. हॅम्बुर्गच्या न्यायालयापुढे खटला चालून १९४८ साली तेरा जणांना फाशी झाली.

अल्केमेडसारख्या सार्जंटांच्या छावण्यांतील दिवस यामानाने निवांत, पण उपाशी. जर्मनांचे अन्न म्हणजे काळा पाव, बटाटे आणि पाण्यासारखे सूप. माणसे टिकली ती रेडक्रॉसच्या पार्सलांवर. या पार्सलांतून छावण्यांत एक पूर्ण बाजारपेठ उभी राहिली. सिगारेट हे चलन. चॉकलेट, साबण, लोणी, इस्त्रीची मजुरी, सर्वांचे भाव सिगारेटींत. पार्सले आली की भाव चढत, सिगारेटी ओढून संपल्या की उतरत. रॅडफर्ड नावाच्या एका माजी युद्धकैद्याने १९४५ साली यावर लिहिलेला निबंध अर्थशास्त्राचे विद्यार्थी अजून वाचतात.

१९४५ च्या जानेवारीत रशियन फौजा जवळ येऊ लागल्या तेव्हा पूर्वेकडच्या छावण्या रिकाम्या करण्यात आल्या. झागानचे सुमारे दहा हजार कैदी मध्यरात्री बर्फात बाहेर काढले गेले. पलंगाच्या फळ्यांच्या घसरगाड्या करून, मिळेल ते घोंगडे गुंडाळून ते पश्चिमेकडे चालत राहिले. अशा कूचांत कितीतरी कैदी थंडीने आणि आमांशाने वाटेतच पडले. उरलेल्यांची सुटका एप्रिल-मे महिन्यांत झाली.

अल्केमेड १९४५ च्या मे महिन्यात इंग्लंडात परतला. पुढे रासायनिक कारखान्यांत नोकरी करून तो १९८७ पर्यंत जगला. त्या रात्री त्याच्या विमानातील आणखी दोघे वाचले होते. चालकासह उरलेले चौघे हॅनोव्हरच्या दफनभूमीत आहेत.